विश्वासातला पत्ता

एका बियाणे कंपनीच्या धाड गावच्या ऑफिसात गौसिया मेल बघायची. वरवट बकाल गावातल्या कंपनीच्या केंद्रातून तिथला कर्मचारी गजेंद्र पाठवायचा ते मेल स्पॅममध्ये अडकू नयेत, म्हणून तिनेच त्या केंद्राचा आयपी पत्ता विश्वासातला म्हणून नोंदवला होता.

कपाशी फवारताना विषबाधा होऊन गजेंद्र गेला. केंद्र बंद पडलं. तरी तिथून मेल येतच राहिले : ‘ताई, बीटी कपाशीवरही बोंडअळी आली. कोणी येऊन राह्यलं काय?’

तिने ऑफिसातल्या साहेबांना सांगितलं, “साहेब, तिथं तर आता कोणीच नाही.”

“मंग काढून टाक नं तो पत्ता.”

तिने काढला. तिला काहीच वाटलं नाही.

दुपारी मेल आला, स्पॅममध्ये न जाता सरळ समोर : ‘मले काऊन काढलं, ताई?’

गौसियाने पाठवणाऱ्याचा आयपी पत्ता पाहिला. तो तिच्याच संगणकाचा होता.