अप्पांचा शर्ट

दिवाळीला हुबळीहून माहेरी आलेल्या दीपश्रीने साफसफाईत गोठ्याच्या खुंटीवरचा अप्पांचा मळका शर्टही साबण लावून खसाखसा धुतला. तो दोरीवर वाळताना पाहून आई पायरीवर मटकन बसली.

"अगं, अप्पा गेल्यापासून तोच घालून धार काढते मी. त्यांचा वास आल्याशिवाय म्हैस पान्हा सोडत नाही."

"म्हशीचे कसले एवढे लाड?" दीपश्री ओशाळून हसली. "राहू दे, चार दिवस पाकिटाचं दूध आणू."

आईने ओली बाही नाकाशी नेली आणि सोडून दिली.

संध्याकाळी शेजारच्या गंगव्वाने कुंपणावरून दुधाचा तांब्या पुढे केला.

"घे. तुमची म्हैस आटल्यापासून आईला मीच देते. दोन महिने झाले."