वहिनीचं म्हणणं

फेरेसिया आत्याने चेनेसाईचं मनगट धरलं ते सोडलंच नाही. तिच्या शहराची, बुलावायोची बस दुपारी तिठ्यावर यायची होती. आत्याला नुकतीच जुळी झालेली. बाळं सांभाळायला अकरा वर्षांची भाची म्हणजे देवानेच धाडलेली, असं ती भेटेल त्याला सांगत होती. धाकट्या भावाला, पाच वर्षांच्या गारिकाईला, झेबेदिया काका आपल्या गावी नेणार होते, गुरांमागे. दोन्ही पोरांची उत्तम सोय लागली होती, फक्त ती मुलखाच्या दोन टोकांना. वडील आधीच गेलेले, आईला सकाळीच पुरलं होतं, आणि थोरांच्या बैठकीत पोरांनी तोंड उघडायचं नसतं.

अंगणात आईची नक्कल चालली होती. एस्नाथ आजी या घराण्याच्या साह्वीरा, म्हणजे थट्टेचा पिढीजात हक्क असलेल्या मैत्रीण. पुरून आल्यावर मेलेल्या माणसाचे कपडे चढवून त्याच्याच आवाजात बोलणं हे त्यांचं काम. ज्याच्या अंगावर ते कपडे, त्याचे बोल मेलेल्याचेच धरायचे. ऐकणाऱ्याला रागवायची चोरी. आईचा झगा घालून, डोक्याला तिचाच रुमाल बांधून आजी कोंबड्यांवर ओरडल्या, प्रार्थनेत पेंगल्या. बाया डोळे पुसता पुसता हसत होत्या. मग आजींनी काकांपुढे गुडघे टेकले आणि अदबीने हळू टाळ्या वाजवत म्हणाल्या, "न्या हो भावजी, पोरं खुशाल न्या. मला मेलीला काय त्याचं?"

"आई असं बोलत नव्हती," चेनेसाई म्हणाली.

आत्याने मनगटाला हिसका दिला. आजींच्या नकलेत आजवर कुणाला खोट सापडली नव्हती. त्या रागावल्या, निदान तसं दिसलं.

"मोठी आली शिकवणारी. मग कशी बोलायची ते तूच दाखव." त्यांनी रुमाल सोडला आणि पोरीच्या डोक्याला बांधला.

आता आत्याला मनगट सोडावं लागलं. थोरल्या भावजयीला असं कोण धरतं?

चेनेसाईने कमरेवर हात ठेवला आणि आईसारखं 'च्यक' केलं.

"वन्सं, तुमच्या बाळांची दुपटी धुवायला माझी पोर मोकळी नाही. आणि भावजी, तुम्हाला तुमची स्वतःची पोरं ओळखू येत नाहीत, माझ्या गारिकाईला गुरांतून कसे ओळखाल?"

हशा पिकला. काका तेवढे हसले नाहीत. पोरीला उत्तर देणं त्यांना शोभलं नसतं, आणि वहिनीला न देणंही.

"वहिनी," ते घसा खाकरून म्हणाले, "पण इथं त्यांच्याकडे बघणार कोण?"

ह्याचं उत्तर काही तिने ठरवून ठेवलेलं नव्हतं. हसू विरलं. तिठ्यावर बसचा भोंगा वाजला. आत्या पिशवी घेऊन उठली.

चेनेसाईने बायांवरून नजर फिरवली आणि शेजारच्या शुवाईच्या आईकडे बोट केलं. "ही बघेल. हिची शेळी माझ्याच भोपळ्यांवर पोसलीय. रात्री माझ्या पोरांजवळ निजायला हिला काय धाड भरलीय? आणि ह्या बाकीच्या, रोज माझ्या चुलीशी चहाला येणाऱ्या. मी मेले म्हणून यायचं सोडतील की काय?"

भोंगा पुन्हा वाजला.

शुवाईच्या आईने मान खाली घातली. "नाही गं बाई. येईन निजायला."

मग मागून एकीने सकाळ मागून घेतली, पोरांना शाळेला आवरून द्यायला. दुसरीने सरपण आणि पाणी. एस्नाथ आजींनी रविवार घेतला, शिवाय वर कुरकुर केली की चांगलं चांगलं आधीच गेलं. बस वाट पाहून निघून गेली, आणि आत्या पिशवीसकट खाली बसली.

काका उठले. टोपी छातीशी धरून चेनेसाईसमोर उभे राहिले.

"येतो मग, वहिनी."

चेनेसाईने रुमाल सोडून आजींच्या हातात दिला.

"जेवून जा, काका," ती म्हणाली.

काका बसले.