क्रियापदाची चूक

"चिकलठाण्याच्या कारखान्यांत नोकरी पाहिजे ना? मग चुकत का होईना, इंग्रजीत बोला!" औरंगाबादच्या कॉलेजात नानासाहेब सर वर्षभर पोरांच्या मागं लागले होते. विद्यापीठाच्या नामांतरावरून पेटलेल्या दंगलीत बंद पडलेलं कॉलेज उघडलं, त्या दिवशी वर्गात कधीच न बोलणारी शेवंता आपणहून उभी राहिली.

"सर, दे बर्न माय हाऊस."

"बर्न नाही, बर्न्ट. भूतकाळ," सवयीनं सरांच्या तोंडून निघून गेलं. पुढच्या बाकांवरची पोरं फिदीफिदी हसली. त्या हसण्याची सरांना शिसारी आली, आणि त्याहून जास्त स्वतःची.

"चुकलो मी," ते कसंबसं म्हणाले. "कधी झालं हे, पोरी?"

"भूतकाळ कसला, सर? आमच्या वस्तीत अजून जाळायलेत."