गाडीपुरतं फाटक

बायनाबाईचं पत्र येऊन चार महिने झाले होते आणि विठ्ठलरावांनी त्याला उत्तर धाडलं नव्हतं. आत्ताही ओसरीवर बसून ते त्याच पत्राचा विचार करत होते. त्यामुळं अंगणात कुंपण घालणाऱ्या शहादेवनं काय विचारलं, ते त्यांना आधी ऐकूच आलं नाही.

“मास्तर, फाटक केवढं ठेवू? एकट्यापुरतं दीड हात बास झालं. गाडी येणार आसंल तर पाच हात लागंल.”

“माझ्याकडं गाडी कशाला येते,” विठ्ठलराव म्हणाले. “दीड हात ठेव.”

शहादेवनं बेळक्याच्या दुटोकी काठीनं बोराटीच्या काट्यांचा भारा उचलला आणि जागेवर रेटला. पाटोद्याच्या टोकाच्या त्या घराला आजवर कुंपण नव्हतं. मास्तरांना ते लागलंही नव्हतं. पण दसऱ्यानंतर त्यांनी पोथ्या उन्हात घातल्या आणि वाटेनं जाणाऱ्या एका शेळीनं एका पोथीची तीन पानं खाल्ली. शेळी हाकलली, पण तिच्या मालकाला दोन शब्द बोलायचं त्यांना जमलं नाही. म्हणून ही कुपाटी.

बुडखे आत, काटे बाहेर. सकाळपासून एकामागून एक भारे लागत होते.

पत्र धर्मापुरीहून आलं होतं. अक्षर बायनाचंच, थोडं उजवीकडं कललेलं. धाकट्या बहिणीला ते अक्षर विठ्ठलरावांनीच धुळीत गिरवून शिकवलं होतं. नवरा गेल्यावर दिरांच्या घरात तिला राहवत नव्हतं. ‘दादा, तुमच्याकडं कायमचं यावं म्हणते. अडचण होणार असेल तर तसं लिहा. मी मनात ठेवणार नाही.’

अडचण कसलीच नव्हती. पत्र आलं त्याच दिवशी त्यांनी आतल्या खोलीतल्या पुस्तकांच्या पेट्या एकट्यानं ओढत ओसरीवर आणल्या होत्या आणि खोली झाडून ठेवली होती. उत्तर तेवढं होईना. तीस वर्षं निजाम सरकारच्या शाळेत शिकवलेला, अजूनही गावभराचे अर्ज उर्दूत लिहून देणारा हा माणूस पहिल्याच शब्दाशी अडायचा. बहिणीच्या नावामागं इतकी वर्षं ‘सौ.’ लिहिलेलं. आता काय लिहायचं ते माहीत होतं, पण हात धजत नव्हता. तो कागद फाडून दुसरा घ्यावा, तर दुसरी शंका. ‘ये’ लिहिलं की हुकूम वाटायचा. ‘इच्छा असल्यास ये’ लिहिलं की उपकार वाटायचे. आणि आपण हे असे घुमे. ती आपल्याशी बोलणार तरी काय? शेवटी त्यांनी मनाची समजूत घातली. घर भावाचं आहे. बहिणीला काय बोलवावं लागतं? येईल ती.

ऊन वर आलं. शहादेव घराच्या मागच्या अंगाला गेला. विठ्ठलराव पुस्तक उघडून बसले. मध्येच मान वर केली, तर फाटकाच्या जागी शहादेवची बायको मंजुळाबाई दिसली, डोक्यावर भाकरीचं गाठोडं. मास्तरांचं दळण तीच दळून आणायची. कालपर्यंत ती थेट ओसरीपर्यंत यायची. येईल आत, असं म्हणून त्यांनी पान उलटलं. आणखी तीन पानं झाली. ती तिथंच उभी.

“मंजुळा, आत का येत नाहीस?”

“तुमी ये म्हणला न्हाईत.”

“त्यात म्हणायचं काय?”

“आता कुपाटी घातली न्हवं? तुमी माज्याकडं बघितलं अन् पुन्हा पुस्तकात डोकं घातलं. मला वाटलं, नको आसंल. त्या शेळीवानी मलाबी हाकलताल.” ती हसत होती.

विठ्ठलरावांनी पुस्तक मिटलं. खूण घालायची राहिली.

“किती वेळ उभी आहेस?”

“झाला की लई येळ.”

ते अनवाणीच अंगणात उतरले आणि घराला वळसा घालून मागं गेले.

“शहादेव, फाटक गाडीपुरतं कर.”

“कावून? सकाळीच तर म्हणलाव, गाडी कशाला येती. फाटकाच्या मेढी रोवून झाल्या की, मास्तर.”

“बहीण यायची आहे. धर्मापुरीहून. राहायला. कायमची.”

चार महिन्यांत हे त्यांनी पहिल्यांदाच मोठ्यानं म्हटलं होतं. शहादेवला त्यात काही विशेष वाटलं नाही. त्यानं बेळकं भिंतीला टेकवलं.

“मंग पाच हात.”

“अवो, सहा ठेवा,” मागून आलेली मंजुळाबाई म्हणाली. “बाई कायमची येती म्हंजी जातं घेऊन येती. दुसरीच्या जात्यावर किती दिस दळावं? अन् मास्तरांच्या घरात जातंच न्हाई, मला इचारा.”

“जात्यानं गाडी रुंद होती का गं?”

“न्हाई होत. पर जड होती. दमलेल्या बैलांनी वळताना चाक काट्यात घातलं, म्हंजी?”

शहादेव पुढं फाटकापाशी आला. त्यानं एक मेढ हलवून हलवून उपटली, कोपरापासून बोटापर्यंत हात टाकत जमीन मोजली आणि सहाव्या हातावर टाच रोवून खूण केली.

विठ्ठलरावांनी पेटीतून कार्ड काढलं. उभ्या उभ्याच लिहिलं. शाई वाळेपर्यंतही ते थांबले नाहीत. कार्ड वाऱ्यावर हलवत टपालखान्याकडं निघाले. एरवी त्यांनी ते दहादा वाचलं असतं आणि अकराव्यांदा फाडलं असतं. आज एकदाच वाचलं आणि टपालाच्या पेटीत सोडलं.

‘बायना, फाटक सहा हात ठेवलं आहे. जातं घेऊनच ये.’