दारातली रांगोळी

ऑफिसला निघताना भालचंद्र स्वतः दारात रांगोळी काढतो, याचं मलकापुरातल्या त्याच्या गल्लीतल्या बायांना भारी कौतुक होतं. बायकोला आत ठेवून तो चौकटीपासून पायरीपर्यंत, पाऊल टेकायलाही जागा न सोडता रांगोळी भरायचा आणि संध्याकाळी चपला काढण्याआधी तिच्यात पावलाचा ठसा शोधायचा. एकदाच तो सापडला होता. त्या दिवसापासून चारुलताला डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं. आज शेवटची रेघ ओढताना त्याच्या छातीत कळ आली आणि तो पायऱ्यांखाली कोसळला. “चारू, माझी गोळी आण.” ती गोळी घेऊन धावत आली आणि उंबऱ्यातच थांबली. “रांगोळी पुसल्या जाईन ना,” ती म्हणाली. आपणच पुसावी म्हणून त्यानं हात लांबवला. वीतभर कमी पडला. “जाऊ दे, मीच सांगून राह्यलो,” तो कण्हला. तिनं वाकून डावा कान पुढं केला.