बाप्तिस्म्याआधी

त्र्यंबकच्या बाप्तिस्म्याला तासभर उरला होता. मिशनच्या बंगल्याबाहेर काठ्या घेऊन भाऊबंद उभे होते. त्यांनी लाडवांचा डबा देऊन त्याच्या आईला एकटीला आत पाठवलं.

त्र्यंबकनं लाडू उचलताच तिनं त्याचा हात धरला. "खाऊ नकोस. काकांनी विष घातलंय."

"मग तू इथंच थांब, आई."

"मी गेले नाही, तर ते आत येतील."

ती बाहेर गेली. "खाल्ला त्यानं," तिनं सांगितलं. माणसं हळूहळू पांगली.

पाद्र्यांनी पाण्याचं भांडं आणलं, तेव्हा त्र्यंबक दाराकडे निघाला होता. "पाद्रीसाहेब, उद्या मी जिवंत दिसलो की ते तिला सोडणार नाहीत. आधी तिला घेऊन येतो."

त्यानं फाटक उघडलं. आईचं मनगट धरून काका तिथंच उभे होते.