खरे ब्रिंकहोफ

आपल्या घराण्याचं मूळ शोधत अमेरिकेहून जर्मनीत आलेला डेल ब्रिंकहोफ, इथल्या ब्रिंकहोफांच्या शेतावर तिथली मालकीण गेझीना हिने वाढलेला काळा पाव आणि हॅम हाणता हाणता तिलाच शिकवू लागला.

"राग मानू नका काकू, पण खरे ब्रिंकहोफ आम्हीच. आमचे खापरपणजोबा हे नाव घेऊन इथून निघाले. तुमच्याकडे काय, नाव शेताचं! जो घरजावई येईल त्याला चिकटवायचं. तुमचे आजोबा बाहेरचे, वडील बाहेरचे. मूळ रक्त उरलंय कुठे?"

गेझीनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने त्याच्यापुढची बशी ओढून घेतली.

"रक्ताच्या गोष्टी मला सांगतोस? अरे, तुझा खापरपणजोबाही इथे घरजावई म्हणूनच आला होता. अंगावरच्या कपड्यांनिशी! माझ्या खापरपणजीशी लग्न लागलं, म्हणून ब्रिंकहोफ झाला."

डेलचा घास हातातच राहिला. "पण मग ते अमेरिकेला..."

"पळाला मेला! तिकडे दुसरा संसार थाटला. तिला टाकलं, पोटची पोरं टाकली. नेलं ते फक्त तिचं नाव!"